डीएसएलआरसाठी टेलिफोटो झूम लेन्स घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षी, वाघ, क्रिकेटचा सामना, मुलीचं गॅदरिंग, वारीतलं रिंगण. कारण कुठलंही असो, कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सचे ५५ मिमी अपुरे पडायला लागले की माणूस लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो झूमच्या मागे लागतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "३०० घेऊ की ६००?" माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. ज्याचा फोटो काढायचा ते केवढं आणि किती लांब आहे, ही पहिली. तिथे उजेड किती असतो, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं असतील तर दुकानदार, यूट्यूब आणि मित्र काहीही म्हणोत, तुमची लेन्स तुम्हालाच निवडता येते. खालची सगळी उत्तरं याच अंगाने दिली आहेत.

लेन्सच्या नावातले आकडे आणि अक्षरं कशी वाचायची?

उदाहरणादाखल कॅननची ईएफ-एस ५५-२५० मिमी एफ/४-५.६ आयएस एसटीएम घेऊ. ५५-२५० ही फोकल लेंथ, म्हणजे झूमचा पल्ला. एफ/४-५.६ म्हणजे ५५ला ॲपर्चर (उजेड आत येण्याचं भोक; एफ-आकडा लहान तेवढं ते मोठं) जास्तीत जास्त एफ/४ पर्यंत उघडतं आणि २५०ला फक्त एफ/५.६ पर्यंत. ईएफ-एस म्हणजे ही लेन्स कॅननच्या क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) बॉडीसाठीच आहे, फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर) ती बसणारच नाही. आयएस म्हणजे हात हलल्याचा परिणाम कमी करणारी यंत्रणा. तिलाच निकॉन व्हीआर म्हणतं, टॅमरॉन व्हीसी आणि सिग्मा ओएस. एसटीएम हा फोकस मोटरचा प्रकार.

निकॉनच्या लेन्सवर 'डीएक्स' असेल तर ती क्रॉप सेन्सरची. फुल फ्रेम बॉडीवर ती बसते, पण सेन्सरचा मधला भागच वापरला जातो.

मला नक्की किती मिमी लागतील?

याचं उत्तर अंदाजाने देऊ नका, गणित करा. गणित शाळेतल्या त्रैराशिकाचंच आहे: सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार म्हणजे वस्तूचा आकार गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर. क्रॉप सेन्सर साधारण २३ मिमी रुंद आणि १५ मिमी उंच असतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

चिमणीएवढा, १५ सेंटीमीटरचा पक्षी १५ मीटरवरच्या फांदीवर बसलाय. ३०० मिमीवर तो सेन्सरवर ३ मिमी भरतो, ६०० मिमीवर ६ मिमी. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीत दर मिलिमीटरला साधारण २५५ पिक्सेल येतात, म्हणजे ३०० मिमीवर पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम ७६५ पिक्सेल आले. मोबाइलच्या पडद्यावर ते चालून जातील. पण तीनशे डीपीआयने (इंचाला तीनशे ठिपके) छापायचं म्हटलं तर पक्षी अडीच इंचांच्या पुढे जाणार नाही. लहान पक्ष्यांचं वेड असणाऱ्यांना ३०० मिमी नेहमी तोकडी का वाटते, ते इथे दिसतं.

आता ताडोबा. जिप्सीसमोर २५ मीटरवर वाघ आडवा रस्ता ओलांडतोय, शेपूट सोडून अंगाची लांबी २ मीटर धरा. ३०० मिमीवर तो २४ मिमी भरतो, म्हणजे नाकापासून ढुंगणापर्यंत अख्खी फ्रेम व्यापतो. ५०० मिमीवर तोच ४० मिमी होतो आणि फोटोत फक्त डोकं आणि खांदा उरतो. सफारीला ६०० मिमी हवीच असं ठामपणे सांगणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं. तलावापलीकडच्या काठावर बसलेल्या वाघासाठी ती लागेल. रस्त्यावरच्या वाघासाठी १००-४०० किंवा ७०-३०० कितीतरी सोयीची.

मैदानावरचं क्रिकेट: सीमारेषेपासून खेळपट्टी ७० मीटर, खेळाडू पावणेदोन मीटर उंच. ३०० मिमीवर साडेसात मिमी, म्हणजे फ्रेमच्या निम्मी उंची. झकास. चंद्राचं गणित आणखी सोपं, फोकल लेंथला ११० ने भागा. ३०० मिमीवर पौर्णिमेचा चंद्र पावणेतीन मिमीचा येतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे फ्रेमभर चंद्र बहुतेक क्रॉप केलेले असतात.

उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवणच्या रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगो) थोडं सविस्तर सांगतो, कारण पुण्या-मुंबईकडच्या अनेकांची पहिली टेलिफोटो त्या सहलीआधी खरेदी होते. रोहित उभा राहिला की सव्वा-दीड मीटर भरतो. होडी ६० मीटरवर थांबली, तर ३०० मिमीवर एक पक्षी साडेसहा मिमी, ५०० मिमीवर अकरा मिमीच्या आसपास. म्हणजे ३०० मिमीवर थवा आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब उत्तम मिळतं, एकट्या पक्ष्याचं पोर्ट्रेट मिळत नाही. तेव्हा लेन्स कमी पडतेय म्हणून नावाड्याला "दादा, अजून थोडी पुढे घ्या" असं कृपा करून म्हणू नका. थवा माना उंचावून एका दिशेने चालायला लागला की तो अस्वस्थ झालेला असतो. आणखी पुढे गेलात की उडतो, आणि त्याचं खाणं मोडतं. अंतर कापायचं काम लेन्सचं आहे, होडीचं नाही.

क्रॉप सेन्सरवर ३०० मिमीची ४५० मिमी होते, हे खरं का?

लेन्स ३०० मिमीचीच राहते. सेन्सर लहान असल्यामुळे चित्राचा मधला भाग तेवढा टिपला जातो, आणि दृश्य फुल फ्रेमवरच्या ४५० मिमीएवढं अरुंद दिसतं. निकॉनला हा गुणक १.५, कॅननला १.६. वरच्या उदाहरणांत क्रॉप सेन्सरचीच मापं धरली आहेत, तेव्हा हा गुणक पुन्हा लावू नका.

७०-२०० एफ/२.८ एवढी महाग आणि जड का? आणि मला ती हवी का?

फोकल लेंथला एफ-आकड्याने भागलं की काचेतून उजेडाला मिळणाऱ्या वाटेचा व्यास मिळतो. २०० भागिले २.८ म्हणजे ७१ मिमी, म्हणून पुढे ७७ मिमीचा फिल्टर लागतो. २५० भागिले ५.६ म्हणजे ४५ मिमी, त्या लेन्सला ५८चा फिल्टर पुरतो. काच मोठी झाली की वजन, घडण आणि किंमत सगळंच वाढतं. कॅनन आणि निकॉनच्या ७०-२०० एफ/२.८ दीड किलोच्या आसपास आहेत. त्यांच्याच एफ/४ आवृत्त्या साधारण पाऊण किलो ते साडेआठशे ग्रॅमपर्यंत. ५५-२५० एसटीएम तर फक्त ३७५ ग्रॅम.

बदल्यात काय मिळतं? एफ/५.६ पेक्षा एफ/२.८ला चौपट उजेड. नाट्यगृहात मुलीचं भरतनाट्यम चाललंय आणि हालचाल थांबवायला १/५०० सेकंदाचं शटर हवंय. एफ/२.८ला आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० वर काम होत असेल, तर एफ/५.६ला तो १२८०० वर न्यावा लागेल. पहिला फोटो छापता येईल, दुसऱ्यात चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखी दिसेल. आषाढातल्या ढगाळ दुपारी रिंगणातला धावता अश्व टिपायचा असेल तरी हेच लागू. तिथे माणसं आणि घोडा जवळ असतात, मिमी कमी पडत नाहीत, उजेड कमी पडतो. घरातली लग्नं, गॅदरिंग, कीर्तन, कबड्डी असे विषय असतील तर पैसे मिमीवर नाही, एफ-आकड्यावर खर्च करा.

आणि हे सगळं उन्हात, बाहेर करायचं असेल तर एफ/२.८ चं ओझं उचलायचं कारण नाही. भटकंती करणाऱ्यांना मी ७०-२०० एफ/४ आवर्जून सुचवतो. ती पाठीवर घेऊन गड चढता येतो, आणि चित्राच्या दर्जात ती मोठ्या बहिणीला हार जात नाही.

स्टॅबिलायझेशन नसलेली लेन्स स्वस्त मिळतेय. घेऊ?

नको. २५०-३०० मिमीवर हाताची बारीक थरथरसुद्धा चित्रात दिसते. व्ह्यूफाइंडरमधून बघताना तर दृश्य नाचत असतं. स्टॅबिलायझेशन चालू झालं की ते स्थिर होतं आणि फोकस पॉइंट पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवता येतो. हा फायदा माहितीपत्रकात लिहिलेला नसतो, पण रोजच्या वापरात फार मोठा आहे.

मात्र ही यंत्रणा तुमचा हात सावरते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. ती फक्त शटर स्पीडने थांबते. बसलेला पक्षी १/५००, चालणारं जनावर १/८००, उडणारा पक्षी १/१६०० ते १/२०००, अशी सुरुवात करा आणि आपल्या अनुभवाने बदलत जा.

कमी बजेटमध्ये पहिली लेन्स कुठली?

कॅनन क्रॉप बॉडी असेल तर डोळे झाकून ५५-२५० आयएस एसटीएम. २०१३ची लेन्स आहे. हलकी आणि २५०लाही शार्प, फोकस चटकन आणि आवाज न करता होतो. शेवटची तीन अक्षरं, 'एसटीएम', बघून घ्या. त्याआधीच्या आवृत्त्यांत फोकस मोटर हळू आणि आवाज करणारी आहे.

निकॉन क्रॉप बॉडी असेल तर एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर. साधारण ४१५ ग्रॅम वजन आणि अतिशय चपळ फोकस. हीच लेन्स व्हीआर नसलेलीही बाजारात आहे आणि खोक्यावरून दोघी सारख्याच दिसतात, म्हणून नावात 'व्हीआर' आहे का ते तपासा.

एका लेन्सपासून मात्र सावध करतो: कॅनन ईएफ ७५-३०० एफ/४-५.६. सर्वात स्वस्त ३०० मिमी म्हणून ती बऱ्याचदा गळ्यात मारली जाते. स्टॅबिलायझेशन नाही, फोकस मंद, आणि ३००ला चित्र मऊ पडून पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ येते. २५०-३०० मधला ५० मिमीचा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. शार्प २५० मिमीचा फोटो क्रॉप केला तरी तो मऊ ३००पेक्षा सरस ठरतो.

लेन्स माझ्या बॉडीवर चालेल ना?

निकॉनवाल्यांनी हा प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारावा, कारण एकच माउंट (लेन्स बसवायची खोबण) असूनही तीन ठिकाणी अडकायला होतं.

पहिलं, जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्सना बॉडीतली मोटर लागते. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडींत ती नाही. लेन्स बसेल, पण फोकस हाताने करावा लागेल. दुसरं, वर सुचवलेली एएफ-पी लेन्स डी९०, डी७०००, डी५१००, डी३१००, डी३२०० वर फोकसच करत नाही. डी३३०० आणि डी५३०० वर आधी फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करावं लागतं. या जुन्या बॉडी असतील तर एएफ-एस मालिकेतली ५५-२०० व्हीआर २, ५५-३०० व्हीआर किंवा ७०-३०० व्हीआर बघा. तिसरं, नावात एफ-आकड्यानंतर 'ई' असेल, जसं २००-५०० एफ/५.६ई, तर तिचं ॲपर्चर विजेवर चालतं. डी९०, डी३००० आणि त्याआधीच्या बहुतेक बॉडी ते हलवू शकत नाहीत.

कॅननचं सोपं आहे. कुठलीही ईएफ कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर चालते. ईएफ-एस फक्त क्रॉपवर. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठीच्या आरएफ लेन्स मात्र डीएसएलआरवर बसवायचा काहीच मार्ग नाही.

१५०-६०० घ्यावी का?

पक्षी हाच मुख्य विषय असेल तर घ्यावी. टॅमरॉनने ही लेन्स आणली तोवर ६०० मिमी ही सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. आज डीएसएलआरसाठी टॅमरॉनची पहिली आणि जी२ (दुसरी आवृत्ती), सिग्माची कंटेम्पररी आणि स्पोर्ट्स, आणि निकॉनची स्वतःची २००-५०० एफ/५.६ असे पर्याय आहेत. टॅमरॉन आणि कंटेम्पररी दोन किलोच्या आसपास, निकॉन २.३ किलो, स्पोर्ट्स पावणेतीन किलोच्या वर. हातात धरून उडते पक्षी टिपायचे असतील तर स्पोर्ट्सच्या वाटेला जाऊ नका. निकॉन बॉडी असेल तर माझं झुकतं माप २००-५०० ला. सगळ्या पल्ल्यात एफ/५.६ मिळतं, आणि ५००ला ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवूनही ती शार्प आहे.

आता अपेक्षा जागेवर ठेवण्यासाठी काही गोष्टी. ६००ला एफ/६.३ म्हणजे सूर्य वर आल्याशिवाय मजा नाही. पहाटे सागाच्या किंवा बांबूच्या जंगलात आयएसओ आभाळाला भिडतो. शक्य असेल तर एफ/८ला या लेन्स खुलतात, पण त्यासाठी आणखी उजेड हवा. सुरुवातीला पक्षी फ्रेममध्ये सापडतच नाही. १५०-२००ला पक्षी शोधायचा, फोकस लावायचा आणि मग झूम करायचं, ही सवय घरासमोरच्या कावळ्या-पारव्यांवर लावून घ्या. लेन्सवर फोकस लिमिटर नावाचा खटका असतो. लांबच्या पक्ष्यांसाठी तो वापरला की लेन्स जवळच्या अंतरांत फोकस शोधत बसत नाही.

आणि हवा. एप्रिल-मेमध्ये विदर्भात दुपारच्या सफारीला तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत उठते. तिच्यातून १०० मीटरवरचा सांबर टिपला तर जगातली सर्वोत्तम लेन्सही लापशीसारखं चित्र देते. लेन्स खराब आहे म्हणून परत करायला निघालेल्यांचे फोटो मी बघतो, तेव्हा निम्म्या वेळा दोष हवेचा निघतो. जवळचा विषय घ्या किंवा सकाळी लवकर जा. याला दुसरा इलाज नाही.

१००-४०० हा मधला मार्ग कसा आहे?

फिरतीवर असणाऱ्यांसाठी सगळ्यात समतोल. टॅमरॉन आणि सिग्मा दोघांच्याही सव्वा किलोच्या आतल्या आहेत. कॅननची १००-४०० एल आयएस २ महाग आहे, पण डीएसएलआरसाठीचा इतका अष्टपैलू टेलिफोटो झूम मला दुसरा माहीत नाही. एक मीटरपेक्षा कमी अंतरावर फोकस होत असल्यामुळे कासच्या पठारावरची इवलीशी फुलं पायवाट न सोडता टिपता येतात. तिथे फुलांत पाय टाकायला मनाई आहे, ती पाळूनही.

टेलिकन्व्हर्टर लावून काम भागेल?

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, फोकल लेंथ वाढवणारं भिंग. १.४ पटीचा एक स्टॉप उजेड खातो (उजेड निम्मा होतो), २ पटीचा दोन (पाव उरतो). ७०-२०० एफ/२.८ वर १.४ पटीचा उत्तम चालतो. किट दर्जाच्या एफ/५.६ झूमवर तो एकतर बसतच नाही, बसला तर बहुतेक बॉडींत फोकस बंद पडतो. ते पैसे चांगल्या लेन्ससाठी साठवा.

१८-३०० सारखी एकच लेन्स?

लेन्स बदलायचा कंटाळा असेल आणि सहलीचे फोटो हवे असतील तर ठीक. टेलिफोटोच्या कामासाठी नाही.

लेन्स चांगली घेतली, तरी फोटो शार्प येत नाहीत. का?

परत करण्याआधी क्रमाने तपासा. शटर स्पीड किती होता? फोटोची माहिती उघडा. ३०० मिमीवर १/१२५ दिसलं तर उत्तर मिळालं. फोकस कुठे पडलाय? पक्ष्यामागची फांदी शार्प असेल तर लेन्स निर्दोष आहे. सगळे पॉइंट कॅमेऱ्यावर सोडू नका, मधला एकच निवडा. हलत्या विषयाला निकॉनमध्ये एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्व्हो लावा. पुढे स्वस्त यूव्ही फिल्टर लावलाय का? तो काढून तोच फोटो पुन्हा घ्या. किट लेन्सवर न जाणवणारा सुमार फिल्टर ६०० मिमीवर चित्राची पार वाट लावतो. संरक्षणासाठी लेन्स हूड पुरेसा आहे.

एवढं करूनही सगळ्या फोटोंत फोकस सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे पडत असेल, तर बॉडी आणि लेन्सचं जुळत नाहीये. निकॉन डी७००० मालिका आणि त्यावरच्या बॉडींत, तसंच कॅनन ७०डी, ८०डी, ७डीसारख्या बॉडींत मेन्यूतून दुरुस्ती करता येते. साध्या बॉडींत ती सोय नसते. तिथे टॅमरॉन जी२चा टॅप-इन कन्सोल किंवा सिग्माचा यूएसबी डॉक कामी येतो, कारण दुरुस्ती थेट लेन्समध्येच साठते.

ट्रायपॉड घ्यावाच लागेल का?

जिप्सीत तो उभा राहत नाही, होडीत निरुपयोगी ठरतो. सफारीला बीनबॅग न्या. जाड कापडाची, मधोमध शिवण असलेली पिशवी शिंप्याकडून शिवून घ्या. घरून रिकामी न्यायची, मुक्कामी पोहोचल्यावर दुकानातून तांदूळ किंवा मूग घेऊन पाऊण भरायची. गच्च भरली तर लेन्स वर डुगडुगते. थोडी सैल असली की जिप्सीच्या दांड्यावर दोन्हीकडून लोंबते आणि लेन्सभोवती खळगा धरते. चालकदादांना गाडीचं इंजिन बंद करायला सांगा, त्या थरथरीपुढे बीनबॅगचंही काही चालत नाही. होडीत गुडघ्यावर बसा आणि कोपरं छातीशी घ्या. खालचा हात लेन्सच्या पुढच्या टोकाकडे ठेवा. मैदानाच्या कडेला तासन् तास उभं राहायचं असेल तर मोनोपॉड (एका पायाचा स्टँड).

सेकंड हँड घेताना काय बघायचं?

टेलिफोटो झूम ही जुनी घेण्यासारखी वस्तू आहे. बरेच जण हौसेने घेतात, दोन सहली करतात आणि कपाटात ठेवतात. पण कपाटात ठेवली म्हणूनच बुरशीचा धोका.

स्वतःची बॉडी, रिकामं कार्ड आणि बारीक झोताचा टॉर्च घेऊन जा. दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च तिरपा मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी, व्यवहार तिथेच थांबवा. धुक्यासारखा पांढुरका थर दिसला तरी नको, त्याने उजेडाच्या दिशेचे सगळे फोटो फिके येतात. धुळीचे चार कण दिसले तर मनावर घेऊ नका, फोटोत ते येत नाहीत.

मग लेन्स बॉडीला लावा. झूम रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मध्येच अडकली किंवा खरखरली तर लेन्स पडलेली असू शकते. फिल्टरच्या आट्यांवर चेमटल्याची खूण आहे का पाहा. शटर बटण अर्धं दाबून कान लावा. स्टॅबिलायझेशनची मंद घरघर ठीक, पण चित्र झटके मारत असेल तर ती यंत्रणा गेली. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवून सर्वात मोठ्या झूमला, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून काढलेला फोटो लॅपटॉपवर मोठा करा. एका बाजूची अक्षरं शार्प आणि दुसऱ्या बाजूची मऊ असतील तर आतली काच सरकली आहे. ती दुरुस्ती खर्चिक असते.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात हिंडून चार दुकानांत भाव करता येतो आणि लेन्स हातात घेऊन बघता येते, हा मोठा फायदा. नवी घ्याल तर जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी दोन्ही लेखी घ्या. फारच स्वस्त मिळणारा नवा माल अनेकदा बाहेरून आणलेला असतो, आणि दुरुस्तीच्या वेळी त्याचा वाली कोणी नसतो.

डीएसएलआरचा जमाना संपत आलाय. आता लेन्समध्ये पैसे घालावेत का?

कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष २०१८ पासून मिररलेसकडे वळलं आहे, आणि डीएसएलआरसाठी नव्या लेन्स येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पण तुमच्याकडे धडधाकट बॉडी असेल तर आत्ताइतकी चांगली वेळ नाही. मिररलेसकडे गेलेली मंडळी उत्तमोत्तम लेन्स विकत आहेत.

या लेन्स पुढेही वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्स ॲडॉप्टर लावून आर मालिकेच्या बॉडींवर पूर्ण फोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेड ॲडॉप्टरवर चालतात, मोटर नसलेल्या एएफ-डी मात्र फोकस करत नाहीत. टॅमरॉन-सिग्माच्या काही लेन्सना फर्मवेअर अद्ययावत करावं लागतं. बॉडी आणि लेन्स दोन्ही नव्याने घेणार असाल आणि बजेट असेल, तर मी मिररलेसच सुचवेन.

घेण्याआधी वापरून बघता येईल का?

मोठ्या शहरांत लेन्स भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामत द्यावी लागते. दोन किलोची लेन्स घ्यायचा विचार असेल तर आधी एका शनिवार-रविवारी भाड्याने घेऊन पहाटेपासून दुपारपर्यंत गळ्यात वागवा. मनगट आणि खांदा काय म्हणतात ते ऐका, त्यावरून बरेच निर्णय बदलतात. वर्षातून एकदाच सफारीला जाणाऱ्यांनी तर कायमच भाड्याने घ्यावी.

पावसाळ्यात लेन्स कशी जपायची?

कोकण, गोवा, मुंबई इथे हा प्रश्न लेन्स निवडण्याइतकाच महत्त्वाचा. हवेतली आर्द्रता बराच काळ साठ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळतं, आणि पावसाळ्यात ती चार महिने तशी राहते. लेन्स ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट उत्तम. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. सिलिका जेलचा रंग पालटला की मंद आचेवर परतून घ्या, रंग परत आला की ते पुन्हा वापरता येतं. चामड्याच्या किंवा कापडी पाऊचमध्ये घालून लेन्स ठेवू नका, ते ओल धरून ठेवतात.

एसी गाडीतून थेट दमट हवेत बाहेर आलात तर काचेवर बाष्प धरतं. बॅग बंदच ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. भिजलेली लेन्स पुसून कोरडी केल्याशिवाय झूम आत ओढू नका, नळीवरचं पाणी आत जातं. पंधरवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून खिडकीशी उजेडात दहा-वीस फोटो काढा आणि टॉर्चने आत नजर टाका. बुरशीचा बारीक ठिपका दिसला तर वाट बघू नका, साफ करणाऱ्याकडे लगेच न्या. काचेवरच्या कोटिंगमध्ये मुरली की ती पुसली तरी डाग राहतो.